पिनरची शांतता आणि बाबांची वही

नदीकाठची | १७ मे, रात्री ९:४०

बाबा तीन महिन्यांसाठी आलेत. डोंबिवलीचे, छत्तीस वर्षं मध्य रेल्वेत गार्ड. आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून घरी पोचले तर हे पुढच्या खोलीच्या खिडकीत खुर्ची टाकून बसलेले, मांडीवर वही. वहीत लिहिलेलं: "१० ते १२. माणसं ७. कुत्री ४. पैकी एक कुत्रं दोनदा."

म्हणाले, "अगं, इथे संचारबंदी आहे का?"

आम्ही वायव्य लंडनमधल्या पिनरला राहतो. हॅरो बरोमध्ये, म्हणजे हॅरो नगरपालिकेच्या हद्दीत, ट्यूबच्या (भुयारी रेल्वेच्या) पाचव्या झोनमध्ये. चौदा वर्षं झाली. लंडनला राहते म्हटलं की गावाकडच्यांच्या डोळ्यांपुढे तो पूल आणि ते घड्याळ येतं, आणि मी व्हिडिओ कॉलवर दाखवते ते शेजाऱ्याचं हिरवं कुंपण. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहूच.

स्टेशनातून बाहेर पडून खाली उतरलात की ब्रिज स्ट्रीट. पूल कुठाय म्हणून शोधू नका, तुम्ही त्याच्यावरच उभे असता. खालून पिन नावाची नदी जाते. नदी म्हणजे आपल्याकडे ओढा म्हणतील तेवढीच, पण पाऊस लागला की तिला नदीपण आठवतं. तिथूनच हाय स्ट्रीट फुटतो आणि चढत चढत थेट सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चपाशी जातो. हे चर्च १३२१ सालचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या लाकडी तुळया आणि मध्ये पांढरा गिलावा अशी घरं. यातली काही खरोखरच चारएकशे वर्षांपूर्वीची आहेत. आणि मग बाजूच्या ॲव्हेन्यूंमध्ये शिरलं की तशाच काळ्या-पांढऱ्या घरांच्या रांगा दिसतात, त्या १९३० च्या आसपासच्या. तिथल्या तुळया म्हणजे विटांच्या भिंतीवर ठोकलेल्या फळ्या. आमचं घर दुसऱ्या प्रकारातलं. बाबांनी पहिल्याच दिवशी बोटाने ठोकून पाहिलं आणि "शोभेचं आहे" असा निकाल दिला.

चर्चच्या आवारात एक थडगं आहे, ते पाहायला लोक मुद्दाम येतात. दगडी, उंच, वर निमुळतं होत गेलेलं, आणि जमिनीपासून बऱ्याच वर त्याच्या मधोमध आरपार घुसवलेली दगडी शवपेटी. दोन्ही बाजूंना टोकं बाहेर! गावात एक कथा सांगतात की मृत्युपत्रात अट होती म्हणे, आईवडील जमिनीच्या वर असेपर्यंतच पैसे मिळतील. ती गावगप्पच. खरं एवढंच की जॉन क्लॉडियस लाउडन या बागतज्ज्ञाने ते आपल्या आईवडिलांसाठी उभारलं. आणि या लाउडनसाहेबांनीच १८३८ साली शहराबाहेर छोटं घर घेणाऱ्या माणसाने बाग कशी लावावी, यावर भलामोठा ग्रंथ लिहिला होता. तेव्हा पिनरला रेल्वेसुद्धा नव्हती.

रेल्वे आली १८८५ साली, मेट्रोपोलिटन रेल्वे. इथून पुढची गोष्ट मला बाबांनी सांगितली. चौदा वर्षं रोज त्या गाडीने जाते, पण मला माहीत नव्हती. बाबांनी लायब्ररीतून पुस्तकं आणली, आठवडाभर वाचली आणि रविवारी जेवताना म्हणाले, "तुमची ही शांतता रेल्वेने विकलेली आहे."

झालं असं की इथल्या रेल्वे कंपन्यांना रूळ टाकून उरलेली जमीन सहसा विकून टाकावी लागे. मेट्रोपोलिटनला मात्र ती ठेवून तिच्यावर घरं बांधायची खास मुभा होती. त्यांनी तिचा पुरेपूर फायदा घेतला. पिनरचं सेसिल पार्क हे त्यांच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. १९१५ साली त्यांनी या सगळ्या पट्ट्याला 'मेट्रोलँड' असं नाव देऊन दरवर्षी रंगीत माहितीपुस्तिका काढायला सुरुवात केली: फुलं, पायवाटा, टेकड्या, आणि शेवटी घरांच्या जाहिराती. १९१९ मध्ये घरं बांधायला वेगळी कंपनीच काढली. हजार पौंडांच्या आत जोडघर, पुढे बाग, मागे बाग, आणि अर्ध्या तासात बेकर स्ट्रीट. गाडीला पुलमन नावाचे आलिशान डबेसुद्धा होते, १९१० पासून थेट १९३९ पर्यंत. सकाळी कचेरीत जाणाऱ्यांना त्यात न्याहारी मिळे, रात्री नाटक बघून परतणाऱ्यांना खाणं.

बाबा या डब्यांवर अडकलेत. "सकाळच्या गाडीत न्याहारी," असं मध्येच स्वतःशी म्हणतात आणि मान हलवतात. ८:१२ च्या लोकलमागे ज्यांनी हिरवा झेंडा धरून उभं राहायचं आणि दाराला लोंबकळणारी माणसं बघायची, त्यांनी दुसरं काय म्हणायचं!

माझा मुद्दा एवढाच. मी इतकी वर्षं समजत होते की हा इंग्रजांचा स्वभाव आहे, म्हणून इथे शांत असतं. बाबांचं म्हणणं, स्वभाव वगैरे काही नाही. ही ठरवून केलेली, जाहिरात केलेली आणि हप्त्याने फेडलेली वस्तू आहे, आणि ज्यांनी फेडली ते अजून तिच्यावर पहारा देतायत. तुमच्याकडे कसं आहे ते लिहा. लंडनच असं नाही, बर्मिंगहॅम, मँचेस्टर, कुठलंही चालेल.

---

खारीबिस्कीट | १७ मे, रात्री १०:०५

कुत्रं दोनदा 😄 बाबांच्या वहीचा स्वतंत्र धागा काढा. वाचनखूण साठवली.

---

वील्डस्टोनची वहिनी | १८ मे, सकाळी ७:२०

लेख आवडला, पण थोडं भांडते हं. हलके घ्या.

मी तुमच्यापासून दोन-तीन मैलांवर, बरो तोच, काउन्सिल टॅक्सही त्याच काउन्सिलला. इथे शांतता नाही, इथे दुकानं आहेत. सकाळी सातला भाजीवाला पेट्या उतरवतो, कढीपत्ता जुडीने मिळतो, नवरात्रात रात्री अकराला घागरे घातलेल्या पोरी बसस्टॉपवर उभ्या असतात. २०२१ च्या जनगणनेत हॅरोमधले चौथाईहून जास्त लोक हिंदू निघाले, इंग्लंडमधल्या कुठल्याही बरोपेक्षा जास्त प्रमाण. त्यातले बरेचसे गुजराती, आणि त्यातले कितीतरी १९७२ साली हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून हाकलल्यावर आलेले. मेट्रोलँडच्या पुस्तिकेत हे गिऱ्हाईक कुठे होतं? तरी त्याच काळ्या-पांढऱ्या फळ्यांच्या घरांत तेही राहिले, फक्त दारावर तोरण आलं आणि पुढच्या बागेत गाड्या आल्या.

आणि आम्हीही सुरुवातीला तुमच्याच बाजूला भाड्याने होतो. एक वर्ष. पहिले दोन महिने वाटलं, किती छान. सहाव्या महिन्यात मी मुद्दाम सुपरमार्केटात माणूस असलेल्या काउंटरच्या रांगेत उभी राहायला लागले, कोणीतरी बोलावं म्हणून. शेजारीण भेटली की "यू ऑलराइट?" मी आपली थांबून सांगायला लागायचे, की मुलाला ताप आहे, रात्रभर झोप नाही... ती बिचारी एक पाय मागे घेत घेत ऐकायची. नंतर कळलं की तो प्रश्नच नाही.

नाताळात मात्र दारातून कार्ड आत पडलं. "नंबर ३१ कडून नंबर २७ ला." नावं नाहीत. अकरा महिने शेजारी राहून आम्ही एकमेकांना आकड्यांनी ओळखत होतो.

---

नदीकाठची | १८ मे, दुपारी १:१५

वहिनी, भांडण मान्य. आकड्यांचं अगदी खरं आहे. आमच्या डाव्या बाजूच्या आजींचं नाव मला चौथ्या वर्षी कळलं, तेही चुकून आमच्याकडे आलेल्या पाकिटावरून.

पण एक सांगते. कोविडच्या पहिल्या लॉकडाउनमध्ये नवरा आजारी पडला तेव्हा याच आकड्यांनी दारात दूध ठेवलं, घंटी वाजवली आणि फाटकापर्यंत मागे सरून हात केला. तेव्हा वाटलं की ही माणसं अंतर ठेवून माया करायला आधीपासूनच शिकलेली होती, आपल्यालाच ती रीत नवीन.

---

झाडपाला | १८ मे, सायंकाळी ६:३०

पाहाऱ्याबद्दल लिहिलंत ते फार पटलं. मी दक्षिण लंडनच्या एका उपनगरात, नाव सांगत नाही, कारण पुढचा किस्सा माझ्याच मूर्खपणाचा आहे.

पहिल्याच वसंतात मागच्या बागेतल्या चेरीच्या फांद्या घराच्या पन्हळीत घुसतायत म्हणून करवत आणली आणि शनिवारी दुपारी कापल्या. आपलं झाड, आपली जागा. मंगळवारी काउन्सिलचं पत्र. आमचा रस्ता कॉन्झर्व्हेशन एरियात होता. हे १९६७ च्या कायद्यापासून आहे: पूर्ण गल्लीचं किंवा वस्तीचं रूप राखायचं ठरलेलं असतं आणि तिथल्या झाडाला हात लावायच्या आधी काउन्सिलला सहा आठवडे कळवावं लागतं. पिनरमध्ये असे बरेच तुकडे आहेत, हाय स्ट्रीट, वॅक्सवेल लेन, मॉस लेन, पिनरवुड पार्क वगैरे. तेव्हा बाबांना म्हणावं करवत लांब ठेवा.

दंड झाला नाही, समज मिळाली. पण कळवलं कोणी? त्या दुपारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं!

आता कुंपणाबद्दल. ज्यांना वाटतं की इंग्रज शेजाऱ्याशी भांडत नाही, त्यांनी 'हेज' हा शब्द उच्चारून बघावा. सदाहरित झाडांची रांग दोन मीटरच्या वर गेली आणि शेजाऱ्याच्या उजेडाआड येऊ लागली तर काउन्सिलकडे रीतसर तक्रार करता येते. कायदा २००३ चा. आणि तो कुठल्या कायद्यात घातलाय माहितीये? समाजविघातक वर्तनाच्या! म्हणजे टवाळखोर पोरं आणि वाढलेली लेलँडीची झाडं एकाच पोत्यात.

बरं, आता गोड काहीतरी. बाबांना सांगा, संध्याकाळी कान देऊन ऐका. पोपट येतात. आपलेच, लाल चोचीचे, गळ्यात कंठ असलेले राघू. लंडनच्या पश्चिमेकडच्या बागांमधून सत्तरच्या दशकापासून त्यांची वस्ती वाढतेय, पिंजऱ्यांतून सुटलेल्यांची पिलावळ. थंडीबिंडी काही नाही, थव्याने कलकलाट करत जातात. माझे इंग्रज शेजारी त्यांच्यावर वैतागतात, फार आवाज करतात म्हणून. मी काही बोलत नाही. मनात म्हणतो, ओरडा रे.

---

खारीबिस्कीट | १८ मे, सायंकाळी ६:४१

"ओरडा रे" 👏👏

बाहेरच्या माणसाचा प्रश्न: घर आपलं, मग मागे एक खोली वाढवायची तर तिथेही शेजाऱ्याला विचारायचं?

---

नकाशावाला | १८ मे, रात्री ११:१०

खारीबिस्कीट, थोडक्यात सांगतो, हे माझं रोजचं काम आहे. (थोडक्यात जमत नाही, आधीच माफी.)

जोडघर म्हणजे दोन घरांत एक भिंत सामाईक. तिला हात लावायचा असेल तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याखाली शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस. त्याच्या इमारतीपासून तीन मीटरच्या आत, तिच्या पायापेक्षा खोल खणायचं असेल तर एक महिना आधी. चौदा दिवसांत त्याने 'हो' म्हटलं नाही तर वाद आहे असं धरतात, मग दोन्हीकडून सर्व्हेअर आणि बहुतेक वेळा खर्च तुमचा. गंमत म्हणजे प्लॅनिंगची परवानगी वेगळीच. मागे एकमजली तीन मीटरपर्यंत वाढवलं तर साधारणपणे अर्ज लागत नाही, माळ्यावर खोली काढली तर जोडघराला पन्नास घनमीटरची मर्यादा, कुंपण दोन मीटर आणि रस्त्यालगत एक मीटर. पुढच्या बागेत पाणी न मुरणारी फरशी पाच चौरस मीटरच्या वर घालायची असेल तर २००८ पासून त्यालाही परवानगी. का, तर सगळ्यांनी गाड्यांसाठी बागा बुजवल्या आणि पावसाचं पाणी जायचं कुठे? पिन नदीकाठच्यांना हे सांगायला नको.

परवानगीचा अर्ज केलात की रस्त्यात खांबाला पिवळा कागद लागतो आणि कुणीही हरकत घेऊ शकतं. लोक घेतातही. मी वाचलेल्या हरकतींमध्ये सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द 'कॅरेक्टर'. "या रस्त्याच्या कॅरेक्टरला बाधा येईल." आवाज, गर्दी, गाड्या, सावली, सगळं त्या एका शब्दाच्या पोटात बसतं. बाबा म्हणतात तो पहारा हाच.

याचं आपल्याला माहीत असलेलं उदाहरण आहे, उपनगर नाही पण लंडनमधलाच शांत राहता रस्ता. प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहिले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं आणि स्मारक केलं. राहत्या घराचं संग्रहालय करायला परवानगी लागते, ती नंतर मागितली तर स्थानिक काउन्सिलने नाकारली, राहण्याची जागा कमी होते या कारणाने. शेजारच्या काही रहिवाशांची तक्रार गर्दीची आणि आवाजाची होती. २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये थेट मंत्र्यांनी परवानगी दिली. मी तिथे दोनदा गेलोय. आत माणसं इतकी हळू बोलतात की जिना वाजला तरी चुकल्यासारखं होतं. १४ एप्रिलला जास्त येत असतील, पण चैत्यभूमी पाहिलेल्या माणसाला ती गर्दी म्हणवणार नाही.

---

चष्मिष्ट | १९ मे, सकाळी ९:०२

पडद्याआडून बघणाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर पिनरच्या शेजारच्या राइस्लिपची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

साधा बंगला, क्रॅनली ड्राइव्ह. त्यात पीटर आणि हेलन क्रोगर नावाचं जोडपं. तो जुन्या पुस्तकांचा व्यापारी, ती गप्पिष्ट, गल्लीत सगळ्यांशी छान संबंध. प्रत्यक्षात दोघंही सोव्हिएत हेर, खरी नावं मॉरिस आणि लोना कोहेन. इंग्लंडच्या नौदलाची गुपितं पोर्टलंडच्या नौदल तळावरून बाहेर काढणाऱ्या टोळीतले. स्वयंपाकघराच्या जमिनीत दार, खाली खड्डा, खड्ड्यात मॉस्कोला संदेश पाठवायचं रेडिओ यंत्र. गुप्तहेर खात्याने त्यांच्यावर नजर ठेवली ती कुठून? समोरच्याच घरातून, वरच्या खोलीतल्या खिडकीतून. आणि त्या घरातल्या कुटुंबाला आठवडेच्या आठवडे त्याच शेजारणीबरोबर हसून चहा घ्यावा लागला. ७ जानेवारी १९६१ ला अटक, वीस वर्षांची शिक्षा, १९६९ मध्ये अदलाबदलीत सुटका.

विचार करा, पुऱ्या इंग्लंडात त्यांनी लपायला जागा कुठली निवडली? जिथे कोणी कोणाला काही विचारत नाही ती. आणि पकडले कुठून गेले? जिथे सगळे सगळं बघत असतात तिथून.

अवांतर: पलीकडे नॉर्थवुडला सैन्यदलांचं संयुक्त मुख्यालय आहे, स्टॅनमोरला बेंटली प्रायरीतून १९४० ची विमानांची लढाई चालवली. शांत उपनगरं म्हणे!

---

खारीबिस्कीट | १९ मे, सकाळी ९:१०

बाबांची वही जपून ठेवा. कोणी विचारलं तर सांगा, कुत्री मोजत होते.

---

मंदाआजी | २० मे, दुपारी ३:५०

मी फारसं लिहीत नाही, नातीने लॉगिन करून दिलंय.

मी १९७१ साली नर्स म्हणून आले. गिरगावातली चाळ सोडून. पहिली खोली हॅरोच्या बाजूलाच, एका बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर. तुम्ही म्हणता ती शांतता आताची. तेव्हाची वेगळी होती. रविवारी दुकानं बंद. आठवड्यात आणखी एका दिवशी दुपारनंतरही बंद. रविवारची मोठी दुकानं उघडायला लागली ती १९९४ च्या कायद्यानंतर, तीही सहाच तास. रविवारी दुपारी रात्रपाळी संपवून झोपून उठलं की खिडकीतून नुसता रस्ता दिसायचा. पाऊस पडत असला तर निदान काही हलतंय असं वाटे.

चाळीत मला एकटं बसायला जागा नव्हती म्हणून मी रडायचे. इथे तीच जागा होती आणि तरी रडायचे. आता हसू येतं.

घरमालकीण बाई कडक. वासाचं म्हणाल तर फोडणीला पूर्ण बंदी. पण माझी आई गेल्याची तार आली तेव्हा त्या बाई वर आल्या, काही बोलल्या नाहीत, मीटरमध्ये त्यांच्याच पदरची नाणी टाकून खोलीतला गॅसचा हीटर लावला आणि खुर्चीवर बसून राहिल्या. तासभर. शब्द नाही. चाळीत पन्नास बायका आल्या असत्या. मी दोन्हींची तुलना करत नाही. दोन्हीची ऊब लक्षात आहे, एवढंच.

आपली माणसं भेटायची ती महाराष्ट्र मंडळात. मंडळ १९३२ पासूनचं, आता डॉलिस हिलला स्वतःची वास्तू आहे. तेही एक उपनगरच. गणपतीला तिथे आरती सुरू झाली की अजून पाय आपोआप ताल धरतात. नदीकाठची, बाबांना तिथे ने. पिनरहून गाडी धर, वेम्ब्ली पार्कला उतर, समोरच्या फलाटावर ज्युबिली लाइन, आणि दुसरं स्टेशन. त्यांना माझा नमस्कार सांग. माझे यजमानही रेल्वेतच होते, पश्चिम.

---

नदीकाठची | २० मे, रात्री ९:२५

मंदाआजी, तुमचं लिहिणं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. "पश्चिमवाले होते काय," एवढं म्हणून उठून गेले. पाच मिनिटांनी परत आले आणि म्हणाले, "रविवारी डॉलिस हिलला जाऊ."

---

दादरकर_एकेकाळचा | २२ मे, रात्री ८:००

रेनर्स लेनचा कोणीच उल्लेख केला नाही म्हणून लिहितो, मेट्रोलँडचं खरं पीक तिथे आलं. १९०६ साली शेतात एक थांबा. १९३० मध्ये वर्षाला २२ हजार प्रवासी. १९३७ मध्ये ४० लाख! हे आकडे बाबांना द्या, गार्डसाहेबांना कळतील.

तिथे १९३६ सालचं एक चित्रपटगृह आहे, समोरून बघितलं की हत्तीची सोंड उतरल्यासारखा सिमेंटचा वळसा. उपनगरातली माणसं शनिवारी रात्री तिथे सिनेमा बघायची. आता ते पारशी लोकांचं झोरोॲस्ट्रियन सेंटर आहे. त्यांची लंडनमधली संस्था १८६१ पासूनची, दादाभाई नौरोजींच्या काळातली. मी दादर पारशी कॉलनीच्या कडेला वाढलो, तिथेही अशीच झाडं, असाच सन्नाटा, दुपारी फक्त पाववाल्याची सायकल. मित्राच्या मुलाच्या नवजोतला (पारशी मुंजीला) रेनर्स लेनला गेलो आणि बाहेर आलो तर क्षणभर कळेना कुठली गल्ली. पात्रा नी मच्छी खाल्ल्याचाही परिणाम असेल.

---

वील्डस्टोनची वहिनी | २३ मे, सकाळी ८:१५

नदीकाठची, बुधवारी तुमच्याकडे जत्रा ना? येतेय मी. बघू तुमची शांतता.

---

नदीकाठची | २९ मे, रात्री १०:३०

काल जत्रा झाली. वहिनी आल्या, तेव्हा धाग्यातलं भांडण प्रत्यक्ष पूर्ण झालं. आता बाबांचं सांगते.

पिनरची जत्रा दरवर्षी मे अखेरच्या बँक हॉलिडेनंतरच्या बुधवारी असते. तिसऱ्या एडवर्ड राजाने १३३६ साली सनद दिली तेव्हापासूनची. मंगळवारी संध्याकाळपासूनच मोठमोठे ट्रक यायला लागले. बाबांना मी आधी काहीच सांगितलं नव्हतं. बुधवारी सकाळी त्यांना हाय स्ट्रीटला नेलं आणि ते वळणावर थबकलेच. जिथे रोज चार म्हाताऱ्या आणि एक कुत्रं, तिथे घरांच्या दारांना खेटून आकाशपाळणे! चारशे वर्षांच्या क्वीन्स हेड पबसमोर आपटगाड्या, कर्कश गाणी, जनरेटरचा वास, कांदा परततायत, म्हातारीचे केस, पोरांचा आरडाओरडा. चर्चच्या दारापर्यंत माणूस माणसाला चिकटून. कॉन्झर्व्हेशन एरिया! झाडाची फांदी कापायला सहा आठवडे थांबावं लागतं तिथे वीस-पंचवीस फुटी घसरगुंडी उभी.

"अगं, ही तर यात्रा," बाबा म्हणाले. मग दिवसभर मला दिसलेच नाहीत. दुपारी वहिनींना ते नेमबाजीच्या दुकानापाशी सापडले, हातात जांभळं अस्वल.

रात्री जेवताना मी विचारलं, तुमच्या पहाऱ्याचं काय झालं मग? सातशे वर्षं जुना कागद आहे म्हणून कोणाला हरकत घेता येत नाही का? नकाशावाला, हे तुम्हीच सांगा. बाबांचं मत असं की माणसं एक दिवस सुटतात म्हणून बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस गप्प बसू शकतात. "लाइनवर ब्लॉक घेतो ना, तसं. फक्त उलटा."

आज सकाळी सहाला ते मला न सांगता परत हाय स्ट्रीटला गेले. आल्यावर वही उघडली. मी नंतर पाहिलं: "गुरुवार, ६:१०. पाळणे ०. ट्रक ०. रस्ता झाडलेला. माणसं १ (मी). पोपट अंदाजे २०."

---

झाडपाला | २९ मे, रात्री १०:४४

बाबांना सांगा, पुढच्या बुधवारी दक्षिण लंडनला या. आमच्याकडे जत्रा नाही, पण पोपट पन्नासाच्या खाली नाहीत.

---

मंदाआजी | ३० मे, सकाळी ११:०५

जांभळं अस्वल कोणाला दिलं?

---

नदीकाठची | ३० मे, दुपारी १२:४०

डावीकडच्या आजींना. बाबा कुंपणापाशी उभे राहून देत होते, ते मी वरच्या खिडकीतून, पडद्याआडून पाहिलं.